पाटीची दुसरी बाजू

सिद्राम पेंटरनं 'विमानतळ' लिहिलं
सकाळी सहाला, डेपोत, उभ्या उभ्या.
शेवटच्या ळ ला जागा पुरली नाही,
तो पत्र्याच्या कडेला अंग चोरून बसला
खिडकी न मिळालेल्या पोरासारखा.
पत्रा नवा नव्हताच.
मागच्या अंगाला जुनं 'विडी घरकुल' होतं.
ते पुसा म्हणून कुणी सांगितलं नाही.

स्टेशन, पार्क चौक, सात रस्ता, आसरा,
मग होटगी रोड सरळ.
अल्लाबक्षचाचा म्हणाले, बोल्ली मॅडम,
आज गाडी दमानं हाणतो,
ह्या लोकांच्या बॅगांना चाकं असतात, घरंगळतील.
बॅगच आली नाही एक.

पहिल्या दिवशी अडीच तिकिटं.
एक म्हातारा कारखान्यापाशी उतरला.
एक लूम फिटर, सुटीचा, हाताला ग्रीस तसंच,
पोराला विमान दाखवायला निघालेला.
पोराचं अर्धं.
पोरगं सारखं वर बघत होतं, बसच्या टपाकडे,
जणू तिथूनच दिसणार आहे.

ढगातून गोवा तासाभराचा म्हणतात.
आमचा स्टेशन ते गेट पाऊण तास,
आणि आसरा पुलावर ट्रक आडवा पडला
तर काय बे सांगावं.
वॉचमननं गाडी आत घेऊ दिली नाही.
बाहेर लिंबाखाली उभं राहा म्हणाला,
तिथं ना शेड, ना बाक, ना पाण्याचा नळ.
इस्त्रीचा शर्ट घातलेला एकजण आला, विचारलं,
स्टेशनला किती वेळ?
मी खरं सांगितलं.
तो फोनकडे बघत बघत पांढऱ्या गाडीत बसला.
त्याचं काही चुकलं नाही.
ज्याला वेळ विकत मिळतो त्यानं घ्यावा.

पंधरा दिवस असेच.
हिशोबाच्या खिडकीतले कुलकर्णी
माझ्या थैलीतली चिल्लर मोजायच्या आधीच हसायचे.
साहेब म्हणाले, मार्ग तोट्यात आहे, महिनाअखेर बघू.

सोळाव्या दिवशी धूळ फार होती.
चाचांनी काच पुसायला पाटी काढली,
पुसली, परत लावली,
उलटी.
मी लिंबाखाली चहाचा कप धुवत होते,
लक्षात आलं नाही.
निळ्या गणवेशातल्या बायका गेटातून बाहेर पडल्या,
नेहमीसारख्या, होटगी नाक्याकडे चालत.
एक थांबली. वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवत.
अक्का, घरकुलकु पोतदा?
माझ्या आईच्या तोंडचे शब्द, त्या उन्हात.

नरसम्मा नाव तिचं. आत काचा पुसते,
ज्या काचांतून लोक विमानाकडे बघतात.
आधी विड्या वळायची, बोटं अजून तशीच दुमडलेली.
नाक्यापर्यंत पायी, मग दोन रिक्षा,
पगारातले रोजचे चाळीस रुपये नुसते घरी पोचायला.
तिच्यामागे दहाजणी.
कॅन्टीनचा एक पोरगाही, डबा घेऊन.

मार्ग मंजूर नाही, मी म्हणाले, चाचांना,
हळू आवाजात.
त्यांनी डिझेलचा काटा बघितला.
पाटीकडे वाकून बघितलं.
पाटी खोटं बोलंल का, म्हणाले,
आणि गिअर टाकला.

बारा तिकिटं फाडली त्या दिवशी.
बसमध्ये फिनेलचा वास, तेलगू, मराठी, थोडं कानडी,
कुणाच्या तरी पोरीच्या दहावीची चौकशी.
कुंभारीच्या वळणावर नरसम्मा झोपून गेली,
तोंड उघडं टाकून,
मी उठवलं नाही, घरकुल शेवटचंच स्टॉप.

आता खुलासा मागितलाय.
छापील कागद, कारणासाठी दोन ओळींची जागा.
पहिलीत लिहिलं: पाटी उलटी लागली.
दुसरी अजून मोकळी आहे.
उद्या त्यांची पाळी सव्वासहाला सुटते.